पुन्हा पाण्यात

स्वरूपा नवरा निहारसोबत जपानमध्ये सेंदाईला आली तेव्हा तिच्याकडे कलेतिहासाची पदवी होती आणि काम नव्हतं. निहारचं संशोधन चार वर्षांचं, ते आठ वर्षांपर्यंत लांबलं. तोवर ती जपानी शिकली आणि जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कार्यशाळेत अर्धवेळ लागली. काम मुख्यतः कागद धुण्याचं. निहार तिला कागदांची धोबीण म्हणायचा.

त्या मंगळवारी ओनोदेरा-सान आले. सत्तरीचे. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक छापील चित्र त्यांनी टेबलावर ठेवलं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, इटलीतलं. मोडकी कमान, तिच्याखालून जाणारी नदी. त्सुनामीत त्यांचं घर गेलं, बायको गेली. चित्र चिखलात सापडलं. तेव्हापासून ते कपाटात होतं. आता हात लावला की कडा तुटत होत्या.

"समुद्राचं मीठ कागद खातंय," स्वरूपा म्हणाली. "धुवावं लागेल."

"पुन्हा पाण्यात?"

"वीसच मिनिटं."

"नको."

तिला गप्प राहवेना. त्या काळच्या चित्रांत मोडकी कमान म्हणजे माणसाचा उतरलेला गर्व, वाहतं पाणी म्हणजे काळ, असं ती भराभर सांगत सुटली.

"पाण्याचा अर्थ मला सांगू नका, स्वरूपा-सान."

तिचे कान तापले. तिनं वाकून माफी मागितली. मग सरळ सांगितलं, "न धुतलं तर दोनेक वर्षांत चुरा होईल. धुतलं तर टिकेल, असं वाटतं."

"वाटतं?"

"खात्री नाही देत."

ते खिडकीशी गेले. परत आले. पुन्हा गेले. शेवटी त्यांनी बाह्या सारल्या.

"मीच सोडतो पाण्यात."

दोघांनी चित्र जाळीवर ठेवून पाण्याच्या ट्रेमध्ये उतरवलं. पाणी कडेवर चढताच ओनोदेरा-सान यांनी जाळी वर खेचली.

"खेचू नका, फाटेल! सोडा."

त्यांनी सोडली. कमान बुडाली, नदी बुडाली. थोड्या वेळानं पाणी चहासारखं झालं.

"हे कुठे जाणार?" त्यांनी विचारलं.

रोज ती ट्रेचं बूच काढायची, पाणी मोरीत जायचं. या पाण्यात त्याच समुद्राचं मीठ होतं; आज तिचा हात बुचावरच थांबला. पण पाणी लगेच बदलायला हवं होतं, नाहीतर मीठ परत कागदात शिरलं असतं.

"बादली आणते."

"झाकणाची आहे?"

एक मिळाली. ती भरली. मग तिनं दुसरी शोधली. ओनोदेरा-सान थेंबही सांडू देत नव्हते, आणि चित्राचं पाणी अजून तपकिरीच येत होतं.