दाढ राहणार

खुर्चीत मी, डोक्याशी डॉक्टरीणबाई, बाजूला त्यांची मदतनीस, आणि तिघांच्याही डोळ्यांवर लेझरसाठीचे हिरवे गॉगल. आम्ही बँक लुटायला निघालोय असंच मला वाटलं.

"काढून टाका ती दाढ, भावोजी," धाकटी मेहुणी म्हणाली होती. "या वयात कसले तिचे लाड?"

पन्नाशी उलटली की माणसं आपल्याला सतत काहीतरी सोडायला सांगतात. तिखट सोडा, जिने सोडा, नाटकातली कामं सोडा. मी यातलं काहीही सोडलेलं नाही. मग खोलवर किडली म्हणून दाढ का सोडू?

"आता बर्फासारखा गार बोळा लावते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कळ येऊन लगेच गेली, तर आतली नस जिवंत आहे. मग लेझरनं कीड तेवढी काढू, दाढ राहील. कळ आलीच नाही, तर अवघड आहे."

आम्हा माणसांनाही 'सोडा' म्हणण्याआधी कुणीतरी असा बोळा लावून पाहायला हवा.

आयुष्यात पहिल्यांदाच मी दुखण्याची वाट पाहत आ वासून बसलो. बोळा टेकला. क्षणभर काहीच नाही. मग कळ थेट कानापर्यंत गेली आणि विरली. मी असा ओरडलो की मदतनीस दोन पावलं मागे सरकली.

"फार दुखलं का हो?"

"भरपूर," गॉगल वर करून डोळे पुसत मी म्हणालो. "चालू करा तुमचा लेझर."