निलगिरीचं गोल्फ मैदान आणि आबांची वांगी

दुबईत मी गोल्फच्या मैदानावर गवत कापायचं मशीन चालवतो. पाचोऱ्याजवळच्या आमच्या खेड्यात सुट्टीवर आलो आणि मागोमाग तिकडून फोन आला, अजून दोन वर्षं येतोस का? मला जायचंच होतं. आबा, म्हणजे माझे वडील, अडून बसले.

"आठे बांधवर गवत कमी शे का? घास कापाले इमानमा बसीन कोन जास?"

माझं शिक्षण आठवी. समजावून सांगणं जमत नाही. म्हटलं, यांना मैदानच दाखवू. निलगिरीत इंग्रजांच्या काळातलं एक रिसॉर्ट आहे, मोठ्या स्पर्धा तिथं होतात. नाव लिहीत नाही, कारण पुढं कळेलच.

तुम्ही जाणार असाल तर खेळायची वेळ खोलीसोबतच बुक करा. कॉलरचा शर्ट न्या, नाहीतर मैदानावर सोडत नाहीत. खोली महाग आहे, एक रात्र पुरे. आम्ही कल्याणहून कोइम्बतूरची गाडी धरली, पुढं बस. घाटात वळणं फार, पुढची सीट पकडा.

आबांनी सोबत एक गोणी घेतली होती. खाली कपाशीच्या वाळक्या काड्या, वर भरताची हिरवी वांगी. आमच्याकडं हिवाळ्यात वावरात गेलं की काड्यांवर वांगी भाजून भरीत होतंच. गाडीत समोरच्या बाईंनी विचारलं, "काका, सरपण कुठं नेताय?"

"सरपन नही, बाई. जेवन शे."

सकाळी मैदानावर गेलो. गवत इतकं एकसारखं कापलेलं की माझेच हात शिवशिवले. आबांनी डोळ्यांवर हात धरून लांबवर पाहिलं.

"बठ्ठं पडीक शे."

"आबा, सगळं मुद्दाम ठेवलंय असं."

"मुद्दाम? मालकले पोऱ्या नही का?"

त्यांना गोणीसकट झाडाखाली बसवलं. माझी पाळी यायला अर्धा तास लागला, मग मी पहिला चेंडू मारला. तो उजवीकडं उंचवट्यापलीकडं गेला. शोधत गेलो तर तिकडून धूर. चेंडू अडकावा म्हणून मैदानात वाळूचे खड्डे केलेले असतात. त्यातल्या एकात आबा वांगी फिरवत बसलेले, शेजारी माझा चेंडू.

"ये, बस. वारा लागस नही. आयता चुल्हा करेल शे."

मॅनेजर धावत आला. मी हिंदीत हात जोडले, "साहेब, दुबईत मी हेच काम करतो. खड्डा होता तसा करून देतो." त्यानं माझा खेळ रद्द केला आणि हातात दाताळं दिलं.

राख उचलली, काळी वाळू काढली, नवी पसरली. कडेचं गवत कात्रीनं बसवलं, मग एका दिशेनं रेघा ओढल्या. आबा उपरण्यात गरम वांगी धरून उभे. शेवटी वाळूकडं बोट दाखवलं.

"आठे मना पाय उमटना. पुस ते."

मी पुसलं. मॅनेजरनं दंड न घेता फाटक दाखवलं. भरीत आम्ही बस स्टँडवर परोट्याशी खाल्लं, आणि सांगतो, तसं भरीत गावातही झालं नाही.

गोल्फचं विचाराल तर मी एकच चेंडू मारला, तोही तिथंच राहिला. घरी आल्यावर धाकट्या काकांनी, नानांनी, आबांना विचारलं, "काय देखं, भाऊ? पोऱ्या काय काम करस तठे?"

आबांनी तंबाखू मळून संपवली.

"तठे वावरनी रोज दाढी करनी पडस. आपला पोऱ्याना हात हलका शे. जाऊ दे त्याले."

आईनं माळ्यावरून माझी बॅग काढली.