चिंगीला बाहेर सोडलं तेव्हा

खरचटलेल्या बोटावर आज हळद दाबली आणि तिच्या वासानं इंदापूरची ती दुपार आठवली. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल, मी चौथीत होते. आमचं मांजरीचं पिल्लू, चिंगी, दाराशी सारखं ओरडत होतं. "ल्हान हाय अजून, सोडू नगं. गल्लीतलं बोकं टपून बसल्यात," असं बजावून आई नळावर गेली आणि मी कडी काढली. चिंगी शेपूट ताठ करून उन्हात उतरली. तेवढ्यात पत्र्यावरून दोन बोक्यांनी तिच्यावर झेप घेतली.

आईनं जखमांत हळद भरली. तिसऱ्या दिवशी चिंगी गेली.

शेजारच्या काकूंनी विचारलं, "दार कुणी उघडलं?"

मी म्हणाले, "वाऱ्यानं."

आई क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय, वारा लई होता."

तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. आता आई नाही, आणि तिनं त्या दिवशी मला रागवायला हवं होतं, असं वाटत राहतं.