अडकलेली तार

माझ्या छातीत पेसमेकर बसवला होता, तिथे पू झाला. आतली, हृदयात रुतलेली तार काढावी लागेल, मुंबईला जा, असे रत्नागिरीच्या डॉक्टरांनी बजावले. छाती फाडतील या धास्तीने मी मात्र तीन आठवडे पत्नीला सांगत राहिलो की जखम सुकते आहे. त्या खोटेपणाची मला आजही लाज वाटते.

एके सकाळी ड्रेसिंगच्या बाकावर बुरोंडीचा एक वयस्क मच्छीमार शेजारी येऊन बसला. बोलताना त्याची बोटे सदऱ्याचे टोक दोरासारखे वळत होती. माझी पट्टी पाहून त्याने आपली गुंडी सोडली. खांद्याखाली बोटभर व्रण होता.

"माझ्या पण तारेला पू धरला होता. मुंबैला काढली. छाती नाय फाडली."

"मग काढली कशी?"

"तारेच्या भायेरच्या टोकाला वजन बांधलं, कप्पीवरून खाली सोडलं नि मला निजवून ठेवलं. चवथ्या दिवशी सुटली."

"भीती नाही वाटली?"

तो हसला. "भाऊ, नांगर समुद्रातल्या खडकात अडकला तर आम्ही हिसका देतो काय? दोर ताणून धरायचा नि गप ऱ्हायचं. लाटेवर होडी हलते, तसा तो सुटतो. हितं तर काळीज हलतच होतं."

तेवढ्यात त्याला आत बोलावले. नाव विचारायचे राहूनच गेले. घरी जाऊन मी पत्नीला खरे ते सांगितले, क्षमा मागितली आणि मुंबईला जाऊ म्हटले.

ती शांतपणे म्हणाली, "तुमचे सदरे रोज मीच धुते. बॅग सोमवारीच भरून ठेवली आहे."