इंजिन घाट चढलं, बोगद्यात अडकलं

मंडळी, आज डोकं फिरलंय यार.

यंदा घरच्या गणपतीच्या देखाव्यात घाट चढणारी छोटी आगगाडी ठेवायची आहे. त्यासाठी वाफेच्या इंजिनांची दोन मॉडेलं महिनाभर पारखतोय. तुम्हीही ग्रुपवर चाकं, धूर, शिट्टी यांवरून भांडलात. आज दुकानातून परतीच्या बोलीवर दोन्ही मुलुंडला घरी आणली.

लहान इंजिन चढावर जागच्या जागी चाकं फिरवत बसलं, डबे काही हलेनात. मोठं धातूचं इंजिन डबे घेऊन झकास चढलं आणि देखाव्यातल्या डोंगराच्या बोगद्याच्या तोंडाशी अडकलं. धुरांडंच आत जाईना!

हा डोंगर बाबांनी केलाय. हात थरथरतात, तरी कागदाचा लगदा थापून, एकेक झाड स्वतः रंगवलंय. आणि मी शहाणा! इंजिनाचा खिळा न् खिळा तपासला, पण बोगद्याची उंची एकदाही मोजली नाही.

बाबा करवतीचं पातं घेऊन आले. "मोठंच ठेव रे. डोंगर काप," म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पातं अजून माझ्या हातात आहे. धूर-शिट्टीवाल्या तज्ज्ञांनो, आता बोला ना!