दुसरा गुड फ्रायडे

परदेशात, हार्बरफ्रंट भागातल्या एका शिपिंग कंपनीत मी अकाउंट्सचा मॅनेजर आहे आणि रजा मंजूर करायचं बटण माझ्याकडे आहे. अशी बटणं माझ्यासारख्याच्या हाती देऊ नयेत.

माझ्या हाताखाली एक वयस्क ग्रीक गृहस्थ काम करतात. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणतो. यंदा त्यांनी गुड फ्रायडेची रजा मागितली, ती सरकारी गुड फ्रायडेच्या पुढच्या शुक्रवारी. मला वाटलं, म्हातारा एका सुट्टीच्या दोन करतोय. मी नामंजूर केली आणि शेऱ्यात लिहिलं, ‘येशू एकदाच गेले, सुट्टीही एकदाच.’ वर पॅन्ट्रीत जाऊन हा विनोद सगळ्यांना ऐकवला. लोक हसले, मी सुखावलो.

बरेच दिवस वाट पाहून काका अखेर केबिनमध्ये आले.

“आम्ही ऑर्थोडॉक्स. आमचं कॅलेंडर वेगळं. आमचा शुक्रवार परवा आहे.”

“मग वार्षिक रजा टाका की.”

“संपली.”

कुठे संपली तेही सांगितलं. इस्तंबूलला त्यांच्या गल्लीत एक चर्च आहे. गल्लीतले ग्रीक केव्हाच देश सोडून गेले. काका वर्षातून एकदा जातात, कुलूप काढतात, कबुतरांची घाण खरवडतात आणि कुठून तरी पाद्री आणून प्रार्थना करवून घेतात. इमारत ओस दिसली की कुणीतरी ताब्यात घेईल, ही धास्ती.

“आणि इथे काय असतं शुक्रवारी?”

“सेरंगून भागात भाड्याचा हॉल आहे. फुलांनी सजवलेली प्रभूची तिरडी खांद्यावर फिरवायची असते. बाकी सगळ्या म्हाताऱ्या बायका नि पोरं. खांदा द्यायला आम्ही चारच.”

“तुम्ही नसलात तर?”

“टेबलावरच राहील.”

मी तरातरा एचआरकडे गेलो. तिथली मुलगी गोड हसली. “सर, त्यांनी गुड फ्रायडे घेतला ना ऑलरेडी. टू टाइम्स कॅनॉट लाह, दोनदा नाही मिळत. बिनपगारी हवी तर दोन आठवडे आधी अर्ज लागतो.”

दोन आठवड्यांपूर्वी अर्ज आलाच होता. त्यावर माझा विनोद बसला होता.

मला संताप कशाचा आला सांगू? गेली दोन वर्षं इथली सरकारी दिवाळी आमच्या लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आली. तेव्हा याच एचआरपुढे उभा राहून मी थयथयाट केला होता, की आमचा सण ठरवणारे तुम्ही कोण. आणि आता काकांचा सण मी एका बोटाने ठरवून मोकळा.

मी काकांना तोडगा सुचवला. “एमसी घ्या, डॉक्टरचं आजारपणाचं सर्टिफिकेट. पोट बिघडलं म्हणा. गणपतीला आम्हा निम्म्या मराठी लोकांचं बिघडतंच.”

“त्या दिवशी खोटं बोलू?” एवढंच म्हणाले.

शुक्रवारी तीन वाजता काकांनी कॉम्प्युटर बंद केला आणि ते निघून गेले. सिस्टिमने लगेच मला विचारलं, विनापरवाना गैरहजेरीचं कारण काय. मी लिहिलं, ‘रजा मी अडवली. चूक माझी.’ एचआरचा फोन आला. “सर, मॅनेजरची चूक असा ऑप्शन नाही.” वॉर्निंग काकांच्याच नावाने निघाली. मी मोठ्या साहेबांच्या केबिनपर्यंत भांडत गेलो. साहेबांनी पाठीवर थाप मारली. “अरे, तो येशूचा जोक तुझाच ना? मस्त होता.” त्या माणसाच्या कानाखाली मारावी असं वाटलं, पण आधी स्वतःच्या मारावी लागली असती.

सोमवारी काकांनी ईस्टरची लाल अंडी आणली. चिनी लोकांत बाळ महिन्याचं झालं की लाल अंडी वाटतात. “ग्रँडफादर झालात, आह? बॉय की गर्ल?” पॅन्ट्रीत कुणीतरी विचारलं. काकांनी समजावलं नाही. नुसती टोपली पुढे केली.

“तिरडी उचलली का?” मी हळूच विचारलं.

“उचलली. पुढच्या वर्षीचं माहीत नाही. आमच्यातल्या चौथ्याचा इथला कामाचा पास रिन्यू झाला नाही, महिनाअखेर तो जातोय.”

ते शांतपणे अंडं सोलत होते. डोकं माझंच तापलं होतं. “तुम्हाला राग कसा येत नाही हो?”

“येतो ना,” काका म्हणाले. “पण रांग मोठी आहे. तुझा नंबर बराच मागे आहे.”