आई-आबांची मोंबासाची सफर

महायुद्ध संपून आमचे आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून उंब्रजला परत आले, आणि पहिल्याच दिवाळीत फराळाला बसल्या बसल्या आईकडे बघत त्यांनी जाहीर केलं... "हिला मोंबासा दाखवायला न्हेनार. बोटीनं. केबिनमधनं!"

मी तेव्हा आठ वर्षांची. आता नव्वदीला टेकलेय, नातीकडून हे टाईप करून घेतेय.

लढाईत आबा आफ्रिकेतल्या त्या बंदरात वर्षभर होते. पांढरी वाळू, नारळाची झाडं, हिरवंगार पाणी... सांगताना त्यांचा चेहराच बदलायचा. आईने तोवर समुद्र सोडा, पुणंही पाहिलं नव्हतं.

थोरले काका म्हणाले, "त्यापरीस पाचगणीला जा की रं! सायबं तितंच येत्यात हवा खायाला." आबा नुसते हसले.

माझ्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी बजेट मांडलं. मुंबईपर्यंत रेल्वे, पासपोर्ट, बोटीची केबिन, आईला सँडल, स्वतःला नवा कोट. तिथल्या गोऱ्यांच्या हॉटेलात आपल्याला घेत नसत, म्हणून ओळखीच्या गुजराती दुकानदाराकडे समुद्राकडची खोली.

साठवलेला पगार आणि दोन वर्षांच्या गुळाचे पैसे धरूनही जमेना. आबांनी कोट खोडला... तरी जमेना.

"डेकवर बसून जाऊ की," आई म्हणाली. डेक म्हणजे उघड्यावर, आपापली वळकटी पसरून.

आबा हळूच म्हणाले, "लढाईला जाताना बोटीच्या पोटात जनावरागत कोंडलं हुतं आमाला. धा दिस आभाळ दिसलं न्हाई. तवाच ठरवलं, पुन्यांदा गेलो तर मानसागत जायाचं. तुला घिऊन."

हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं. काकांनीसुद्धा मान खाली घातली.

आईला वाचता येत नव्हतं, पण हिशेब पक्का. बोटांवर मोजून म्हणाली, "आवं, मग जाताना केबिन घ्या. येताना डेक. परत काय, घराकडंच यायाचं असतंय."

आणि जमलं!

पुढच्या हिवाळ्यात दोघं गेले. मला सांगलीला मावशीकडे ठेवलं. दीड-दोन महिन्यांनी आई न्यायला आली, ती उन्हाने रापलेली, पायात सँडल, आणि मोठमोठ्याने हसत...

केबिन छानच होती म्हणाली. पण खरी मजा डेकवर... शेजारणींच्या गप्पा, सगळ्यांचं एकत्र जेवण, चारी बाजूंनी वारा.

एक गोष्ट मात्र तिने मला फार वर्षांनी, माझ्या लग्नानंतर सांगितली. लढाईवरून आल्यापासून आबा झोपेत दचकून ओरडायचे. त्या डेकवर, उघड्या आभाळाखाली, ते पहिल्यांदाच सकाळपर्यंत शांत झोपले.

साध्या शेतकरी घरातली ही दोन माणसं... एवढी मोठी हौस धरली आणि दोघांनी मिळून ती पुरी केली. त्यांच्या पोटी जन्मले, याचं आज फार बरं वाटतंय.